कोनाड्यातलं बियाणं

तू खोटी आहेस, असं मी आमच्या गावदेवीला तिच्या तोंडावर म्हणालो. भर सकाळी, देवळात दोन बायका ओटी भरायला आल्या होत्या त्यांच्यासमोर. त्या घाबरून बाजूला सरकल्या. पुजारी म्हणाला, "काका, घरी जावा, डोकं तापलंय तुमचं." डोकं तापलं नव्हतं. सव्वा वर्ष मी ज्या शब्दावर निजलो-उठलो तो शब्द माझ्या हातात बुरशी होऊन आला होता, आणि देवी नेहमीसारखी चांदीचे डोळे लावून माझ्याकडं बघत होती. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा, चौथी पास, सगळी उमेद मिठागरात गेली. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, माणसाशी नाही आणि देवाशी पण नाही. त्यानंतर जे झालं ते लिहून ठेवा, असं सून सारखी म्हणते म्हणून लिहितोय. यात चमत्कार आहे का ते मला ठरवता येत नाही. झालं तसं सांगतो.

आमचं घर भाईंदरजवळ, हाटकेशच्या मागं, जुन्या गावात. तीन बाजूंनी टॉवर उभे राहिलेत आणि मध्ये आमची कौलं. मागच्या बाजूला तेवढी अजून इमारत नाही, म्हणून तिकडून ऊन येतं. मी लहान असताना इथून खाडीपर्यंत नुसती भातखाचरं, आणि त्यापुढं मिठागरं. जमिनी गेल्या. कशा गेल्या ते सांगत बसत नाही, ज्याची गेली त्याला माहीत आहे. घरामागं अर्ध्या गुंठ्याची पट्टी राहिली. त्या पट्टीत माझी बायको हिरा दर पावसाळ्यात भात लावायची. बियाणं बाजारचं नाही, घरचं. लाल भात, त्याला लांब काळी कुसं, थोडं खारं पाणी लागलं तरी तग धरणारं. एकेकाळी गावात सगळ्यांकडं होतं. खाचरं गेली तशी लोकांनी बियाणी पण शिजवून खाल्ली. हिरानं मात्र राखलं.

ह्या बियाण्याची एक गोष्ट आमच्या घरात सांगतात. माझ्या पणजीच्या वेळी मोठ्या उधाणात बांध फुटला, खाडी खाचरांत शिरली, उभं पीक जळून गेलं. घरात दाणा राहिला नाही. तेव्हा पणजीला देवळाच्या कोनाड्यात मूठभर भात सापडलं, आदल्या सणाला कुणीतरी ठेवलेलं. देवी तिच्या स्वप्नात आली आणि म्हणाली, माझ्या पुढ्यात तुमच्या वाफ्यातलं नवं येत राहील, तोवर तुमच्या चुलीवर मी भात कमी पडू देणार नाही. नवं म्हणजे नव्या पिकाच्या लोंब्या. नव्याच्या पुनवेला पहिल्या लोंब्या देवीला वाहायचा मान तेव्हापासून आमच्या घराकडं आहे. बाकीचे आता नाक्यावरून विकतच्या लोंब्या आणतात आणि दाराला बांधतात. हिरा म्हणायची, "इकतचं नवं देवीला द्याला आपन काय पाव्हनं हाव?"

खरं सांगायचं तर या सगळ्यात माझा वाटा एवढाच होता की दाणा चावायचा. हिराचे दात मिश्रीनं चाळिशीतच गेले. कापणी-झोडणी झाली की ती सूप घेऊन मागच्या उन्हात बसायची आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी चिमूटभर दाणे माझ्या तोंडापुढं धरायची. "अवो, चावा जरा." मी चावायचो. कट् आवाज झाला तर सुकलं, दाणा दबला तर अजून दोन उन्हं. मी 'सुकलं' म्हणालो की मगच ती डब्यात भरायची, वर राख आणि कडुनिंबाचा पाला. बाकी पेरणं, लावणं, कापणं सगळं तिचं. मी बांधावर बसून विडी ओढायचो आणि तिच्या ओळी वाकड्या आहेत म्हणून चिडवायचो. ती कंबरेतून वाकलेलीच उत्तर द्यायची, "मिठासारका नुसता बसून न्हाय पिकत हां भात." मिठागरवाल्याला कुठं लागतं ते तिला बरोबर माहीत होतं.

ती गेली त्याला आता पावणेदोन वर्षं होतील. शिमग्याच्या आधीचे दिवस होते. किडन्या गेल्या होत्या. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात माझा हात धरून ती म्हणाली, "देवीचा शब्द हाय, तुमी भिऊ नका. आनि मिरगाला डब्यातलं पेरा." दोन गोष्टी बोलली. दोन्ही मी ऐकल्या. पण दुसरी कामाची होती, आणि मला तेव्हा काम नको होतं, आधार पाहिजे होता. म्हणून पहिली धरून ठेवली आणि दुसरी सोडून दिली.

दिवस झाल्यावर मी तिचा डबा उघडला आणि सगळं बियाणं एका मातीच्या मडक्यात ओतलं. मडक्याला हळदकुंकू लावलं आणि देवघराशेजारी, भिंतीतल्या कोनाड्यात ठेवलं. पणजीची गोष्ट डोक्यात होती. कोनाड्यातलं बियाणं देवीनं तेव्हा वाचवलं, आता पण वाचवील. मिरग आला. सून सुषमा म्हणाली, "बाबा, आईंचं भात पेरायचं ना?" मी म्हणालो, वर्षाच्या आत आपल्याला सण नाही, नवं नाही, पेरून काय करायचं? देवी बघेल. ते नुसतं कारण होतं. मागच्या दारातून त्या पट्टीत उतरायची माझी छाती होत नव्हती. तिच्या विळ्याकडंसुद्धा बघवत नव्हतं.

रोज सकाळी आंघोळ करून देवीच्या टाकाला पाणी घालायचो आणि त्यातलं तीर्थ चार थेंब त्या मडक्यात शिंपडायचो. एक दिवस चुकवला नाही. कुणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, बियाण्याची पूजा करतोय. पण खरं म्हणजे मी हिराशी बोलत होतो. मडक्यात हात घालून तिला म्हणायचो, एकदा स्वप्नात ये. सुनेच्या स्वप्नात आली, हिरवी चोळी घालून. हिराच्या धाकट्या बहिणीच्या स्वप्नात दोनदा आली आणि चहा पिऊन गेली म्हणे. माझ्या नाही. बावन्न वर्षं संसार केला, आणि माझ्याकडंच यायला हिला वेळ नाही. मी दुपारीसुद्धा मुद्दाम आडवा व्हायचो, कधी डोळा लागेल आणि कधी ती येईल म्हणून. जाग आली की कौलं दिसायची, दुसरं काही नाही.

यंदा वैशाखात मडक्यात हात घातला तर दाणे बोटांना चिकटले. उजेडात नेऊन ओतलं. वरचा थर काळा, खाली गठ्ठा झालेला, पांढऱ्या बुरशीनं भरलेला, आणि वास असा की मी तोंड फिरवलं. त्यातल्या त्यात बरे दाणे वेचून ओल्या फडक्यात बांधले. चार दिवसांत कोंब यायला पाहिजे. पाचव्या दिवशी उघडलं, सहाव्या दिवशी उघडलं. एका दाण्यालासुद्धा कोंब नव्हता. जन्मभर मी मिठागरात एकच काम केलं, पाणी कुठं घ्यायचं आणि कुठं अडवायचं. आणि बियाण्यात रोज पाणी घातलं ते मीच. पण त्या दिवशी मला हे कळलं नाही. मी सरळ देवळात गेलो आणि देवीला खोटी म्हणालो.

घरी येऊन देवघराचा पडदा ओढला. मुलाला, दिनेशला, फोन केला. तो आणि सुषमा पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहतात, त्याचं बरेच दिवस चाललं होतं की मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक बसवू, दोन गाड्या उभ्या राहतील. हिरा असताना त्याची बोलायची हिंमत नव्हती. मी म्हणालो, "बसव तुझे ब्लॉक." तो म्हणाला, "बाबा, नक्की ना? मग रडायचं नाही." मी म्हणालो, रडायला आता तिथं आहे काय? सोमवारी ट्रक येणार असं ठरलं. गुरुवारची गोष्ट ही.

रविवारी दुपारी चारच्या सुमारास दार वाजलं. बघतो तर एक म्हातारी, माझ्याच वयाची, गळ्यात क्रूस, केसांत अबोलीचा गजरा, बाहेर रिक्षा थांबवून आलेली. एका हातानं चौकट धरून दम खात होती, दुसऱ्या हातात कापडी पिशवी.

"हिराबाय हाय का घरान? मी उत्तनची फिलू."

मी तिला कधी बघितलं नव्हतं, पण नाव ऐकलं होतं. हिरा पूर्वी आमच्या पट्टीतला माठ-मुळा भाईंदरच्या बाजारात विकायला न्यायची तेव्हा ही तिच्या शेजारी बसायची. वीसेक वर्षं बसल्या असतील दोघी. मग हिचे गुडघे गेले, आमच्या हिराचा दम गेला, आणि बाजार सुटला. मी सांगितलं की हिरा वारली. ती ओट्यावर मटकन बसली. "मना कोनी सांगलंच न्हाय," असं चार-पाच वेळा म्हणाली. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "नाताळान येन, ईस्टरला येन, बोलत बोलत ऱ्हायले. आज बेव्हर्ली पार्कला भाचीच्या नातीचा बाप्तिस्मा व्हता, तवा बोलले, इतवर आलेय तर हिराला भेटूनच जाव. पानी दे रं भाऊ."

मी पाणी आणलं. तिनं पिशवीतून एक गाठोडं काढून ओट्यावर ठेवलं. आणि माझ्या हातातलं तांब्याभांडं तसंच राहिलं. गाठोड्याचं फडकं हिराच्या लुगड्याचं होतं. हिरवं, बारीक लाल काठाचं. ते लुगडं मीच तिला घेतलं होतं, जुनं झाल्यावर तिनं बोहारणीला न देता फाडून घरभर फडकी केली होती. धुवून धुवून विरलेलं होतं, पण मला काठ ओळखू आला. मी ते उचलून नाकाला लावलं. परक्या बाईसमोर, मला लाजही वाटली नाही. हिराचा वास काही आला नाही. वास फक्त भाताचा होता, कोरड्या, चांगल्या भाताचा.

फिलूबाय म्हणाली, "तुजंच हाय त्ये. एका सालाला माजं बियानं उंदरांनी खाल्लं. तवा हिरानं ह्ये दिलं. बोलली, फिलू, दोन घरान ऱ्हाऊ दे, कंचातरी एक घर झोपलं तरी दुसरं जागं ऱ्हाल. तवापासनं मी लावते. आता पोरं शेत न्हाय करत, माजं गुडघं न्हाय ऱ्हायलं. यंदा लावनार कोन? म्हनून हिराला परत द्याला आनलं."

मी गाठ सोडली. लाल दाणे, काळी कुसं. मग मला काय झालं माहीत नाही, मी त्या बाईला सगळं सांगून टाकलं. मडकं, कोनाडा, तीर्थ, बुरशी, देवळातलं भांडण, सगळं. रडत नव्हतो, भांडल्यासारखं सांगत होतो. ती उठली, आत येऊन कोनाडा बघितला, मडक्यात डोकावली आणि माझ्याकडं वळली.

"तू बियान्यावर पानी मारत व्हतास?"

"तीर्थ होतं ते."

"तीर्थ आसल. भाताला काय कलतंय? तू मिठागरवाला ना? मिठाच्या राशीवर मारशील पानी?"

मी म्हणालो, देवीनं आमच्या पणजीला शब्द दिलाय. कोनाड्यातलं बियाणं तिनं राखलं होतं. मग आमचं का नाही राखलं? आणि ती गोष्ट तिला पहिल्यापासून सांगितली. फिलूबायनं नीट ऐकून घेतली. तिचा देव वेगळा, पण तिनं आमच्या देवीला नाव ठेवलं नाही.

"मंग कोनाड्यातलं भात भायेर कोनी काढलं?" तिनं विचारलं.

"पणजीनं."

"आनि लावलं कोनी?"

सत्तर वर्षं ती गोष्ट मी ऐकत आणि सांगत आलो. देवीचं बोलणं पाठ होतं, कोनाड्याची जागा पाठ होती. पण मूठभर भात पदरात घेऊन खारवलेल्या चिखलात उतरलेली बाई त्या गोष्टीत आहे, हे मला कधी दिसलंच नव्हतं. देवीचा शब्दसुद्धा मी अर्धाच धरला होता. माझ्या पुढ्यात नवं येत राहील तोवर, असं ती म्हणाली होती. येत राहील म्हणजे कुणीतरी आणायला पाहिजे. पन्नास वर्षं हिरा आणत होती आणि मी बांधावर बसून म्हणत होतो, देवी देते.

मी ते गाठोडं उचलून देवघराकडं निघालो. तिनं माझं मनगट धरलं. "आता परत तितं? आदी माती दाव मना." मग आम्ही दोघं मागच्या दारानं बाहेर आलो. सव्वा वर्षानं मी तिथं पाय ठेवला. गुडघाभर गवत, वरून पडलेल्या पिशव्या, फुटकी कौलं. मला सांगावं लागलं की उद्या इथं ब्लॉक बसणार आहेत. फिलूबायनं वाकून चिमूटभर माती उचलली आणि बोटांत चुरली. मग म्हणाली, "तुजी जागा हाय भाऊ, मी कोन बोलनार? मी ह्ये घरा नेईन, कोंबड्यांना घालीन. पन येवढंच ऱ्हायलंय बग. तुज्याकडं न्हाय, माज्याकडं न्हाय, मंग कुटंच न्हाय." रिक्षावाला बाहेरून ओरडत होता, "मौसी, चलो ना, और कितना टाइम?" ती जायला वळली आणि थांबली. "लावशील तर मना चार लोंब्या दे. आगेऱ्याला." आगेरा म्हणजे त्यांचा नव्या पिकाचा सण. भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात आणि फादर त्यांना आशीर्वाद देतात. "यंदा माज्याकडं येशूला द्याला काय न्हाय," असं म्हणून ती लंगडत रिक्षात जाऊन बसली. गाठोडं मागच्या पायरीवरच ठेवून गेली.

मी त्या पायरीवर बसून दिनेशला फोन लावला. म्हणालो, ब्लॉक बसवायचे नाहीत. तो वैतागला. "बाबा, गुरुवारी तुम्हीच म्हणालात. ट्रक भरलाय तिकडं."

"म्हणालो होतो. आता नाही म्हणतोय."

"मग ब्लॉकचं काय करू? डोक्यावर घेऊ?"

"येऊ देत. मला कामाला येतील."

तो काय पुटपुटला ते लिहीत नाही. पण ट्रक सोमवारी आला आणि ब्लॉक पट्टीच्या कडेला रचून गेला. मी त्याच दिवशी हिराचा विळा काढला आणि गवत कापायला बसलो. देवघराचा पडदा बाजूला केला. देवीला काही बोललो नाही. लाज वाटत होती.

मिरगाला पेरलं. रोप वर आलं तेव्हा शेजारच्या टॉवरमधली एक बाई खिडकीतून म्हणाली, "काका, इतनी मेहनत से घास क्यूँ लगाया?" मी म्हणालो, "घास नहीं है, चावल है." ती हसली, "चावल तो दुकान में मिलता है ना." लावणीच्या दिवशी मला कळलं की हिरा पन्नास वर्षं काय करत होती. तासाभरात कंबर धरली. रोप खोल जाई, नाहीतर आडवं पडे. सुषमा रविवारी मदतीला आली, तिनं ओळी बघितल्या आणि पदर तोंडाला लावून हसली. "बाबा, आई असत्या तर बोलल्या असत्या." मी म्हणालो, बोलायलाच पाहिजे तिनं. आणि मग आम्ही दोघंही हसायचं थांबलो. त्या चिखलात वाकलेलो असताना मला हिराची जेवढी आठवण आली तेवढी कोनाड्यासमोर कधी आली नव्हती. ती इथंच वाकायची, इथंच पाठ धरायची, माझ्या विडीचा वास इथंच तिच्याकडं यायचा. मी मागं वळून बांधाकडं बघितलं. तिथं कुणी नव्हतं.

पिठोरी अमावास्येला तीन दिवसांचा पाऊस आणि उधाण एकदम आलं. अमावास्येची भरती भर दुपारची. गटार उलटं फिरलं आणि काळं पाणी पट्टीकडं चढायला लागलं. खाडीचं पाणी त्यात मिसळलेलं, जिभेला लावून बघितलं तर खारट. आमचं भात थोडं खारं सोसतं, पण बुडून राहिलं तर कुजतंच. आधीची सवय अशी होती की मी देवापुढं जाऊन बसलो असतो. या वेळी उभ्या उभ्या हात जोडले आणि म्हणालो, आई, उधाण तुझं आहे, ते तू बघ. बांध माझा आहे, तो मी बघतो. मग दिनेशचे ब्लॉक उचलून गटाराच्या बाजूला दोन थर लावले आणि फटींत चिखल भरला. मिठागरात असेच बांध घालायचो. आतलं पावसाचं पाणी कोंडलं होतं, पण भरती असताना बांधाला फोड काढली, म्हणजे तो उघडला, तर उलट खारं आत येणार. ओहोटी लागेपर्यंत थांबायचं असतं. दुपारपासून संध्याकाळपर्यंत मी पावसात तिथं उभा राहिलो. ओहोटी लागली तसे खालचे दोन ब्लॉक काढले, पाणी सळसळत बाहेर गेलं, आणि मी ते परत बसवले. दिनेश धावत आला तोवर काम झालं होतं. त्यानं छत्री माझ्या डोक्यावर धरली आणि नुसता बघत उभा राहिला. पुढच्या उधाणाला ब्लॉक त्यानं लावले, मी सांगत होतो.

गटाराकडचं पाव पीक गेलं. बाकीचं टिकलं. लोंब्या लाल झाल्या तेव्हा मला नवाच पेच पडला. आगेऱ्याचा रविवार आधी आला आणि आमची नव्याची पुनव नंतर. पहिल्या लोंबीचा मान देवीचा. आजवर आमच्या घरातून तिच्या आधी कुठं गेली नव्हती. गावातला एक चुलतभाऊ म्हणालाच, "आता देवीच्या आधी चर्चला का? म्हातारपणी बरं सुचतंय तुला." मी देवळात गेलो. वैशाखातल्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. देवीला म्हणालो, त्या दिवशी मी तुला खोटी म्हणालो. तुझा अर्धा शब्द मीच गिळून बसलो होतो. आता चार लोंब्या तुझ्या आधी उत्तनला नेतोय. बियाणं तिकडून आलंय, आणि तिकडं कुणी पाठवलं ते तुला माहीत आहे. रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. बराच वेळ बसलो. उठलो तेव्हा मन हलकं होतं. यापेक्षा जास्त कौल मला मिळाला नाही, आणि मी मागितलाही नाही.

त्या रविवारी बसनं उत्तनला गेलो. चर्चमध्ये जन्मात पाय ठेवला नव्हता. मागच्या बाकाजवळ उभा राहिलो. फिलूबाय पुढं जाऊन लोंब्या ठेवून माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. फादरांनी लोंब्यांवर पवित्र पाणी शिंपडलं तशी तिनं मला कोपर मारलं आणि हळूच म्हणाली, "ह्ये पानी चालतं. नीट सुकव घरा नेऊन." मला हसू आवरेना. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "हिरा आसती त तिनं तुज्या लोंब्या बगून नाक मुरडलं आसतं. बारीक हायत." म्हणाली आणि रडली. मीही रडलो. पुनवेला देवीपुढं नवं ठेवलं. त्या दिवशी घरच्या नव्या भाताचा पहिला घास मी तोंडात घातला, आणि दुसरं ताट वाढायला माझा हात आपोआप गेला.

मला एवढंच कळलंय. देवीनं शब्द मोडला नव्हता. मी झोपलो तेव्हा तिनं दुसरं घर जागं ठेवलं होतं, आणि ते हिराच्याच हातानं ठेवलं होतं. फिलूबाय नाताळात आली असती किंवा दोन दिवस उशिरा आली असती तर काय झालं असतं, याचा विचार आला की अंगावर काटा येतो. त्याबद्दल मी रोज हात जोडतो. पण देणाऱ्यानं दिलं ते माझ्या ओंजळीत दिलं, आणि ओंजळ उघडी ठेवून झोपायचं नसतं, हे शिकायला मला चौऱ्याहत्तर वर्षं लागली. आता जे माझ्या हातचं नाही ते मी तिच्यावर सोडतो आणि निवांत झोपतो. हातचं असतं ते सकाळी उठून करतो. हिरा अजून स्वप्नात आलेली नाही. वाट बघणं सुटलेलं नाही, ते सुटेल असं वाटतही नाही.

यंदाच्या बियाण्याचे दोन वाटे करायचे आहेत. एक आमच्या डब्यात, राख आणि पाला घालून. दुसरा फिलूबायकडं, तिची उत्तनशेजारच्या डोंगरीची भाची पुढच्या साली लावते म्हणालीय. तो वाटा त्याच हिरव्या फडक्यात बांधून न्यायचा. फडकं ठेवून घ्यावं असं फार वाटलं. दोन दिवस उशाशी घेऊन झोपलो. पण ज्या घरात ते बियाण्याभोवती होतं तिथंच ते जायला पाहिजे.

आज तिसरं ऊन. सूप घेऊन मागच्या पायरीवर बसलो होतो. चिमूटभर दाणे घेतले. माझेही दात आता मोजकेच आहेत, एका बाजूला सरकवून दाणा चावला. कट्. दुसरा चावला. कट्.

"सुकलं," मी मोठ्यानं म्हणालो.

सुषमा आज आली होती, तिनं आतून विचारलं, "काय म्हणालात, बाबा?"

"तुला नाही," मी म्हणालो.